बेसिन तुंबले, आता काय?

सकाळची घाईची वेळ आहे. तुम्ही दात घासून चूळ भरता आणि पाहता तो काय, बेसिनमधले पाणी खाली जातच नाही! साबणाचा फेस, टूथपेस्टचा पांढरेपणा आणि एकदोन केस घेऊन ते पाणी तसेच तुंबून राहते. मग घरात चौकशी सुरू होते. "कुणी काय टाकले?" सगळे एकमेकांकडे पाहतात. कोणीच काही टाकलेले नसते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते!

प्लंबरला बोलावण्याआधी आपण थोडा विचार करू. पाणी नेमके अडले आहे कोठे? खाली वाकून बेसिनच्या पोटाखाली पाहा. काही घरांत तेथे इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वळलेली नळी दिसेल. काही घरांत एक बुटकी बाटली दिसेल. तिला बॉटल ट्रॅप म्हणतात. आणखी काही घरांत नुसती वेटोळ्यांची प्लॅस्टिकची नळी सरळ खाली गेलेली असते आणि तिचे पाणी मोरीतल्या जाळीपाशी पडते. अशा घरात ते वळण गेले कोठे? ते त्या जाळीखाली, जमिनीत दडलेले असते. आपल्याकडच्या इंग्रजी अभियांत्रिकी पुस्तकांतसुद्धा त्याला 'नहाणी ट्रॅप' असेच नाव आहे. आपल्या न्हाणीघराशी त्या नावाचे नाते उघड आहे.

म्हणजे कोठे ना कोठे वळण हे असतेच. आणि कचरा बहुधा त्या वळणातच अडकतो. मग तुम्ही म्हणाल, हे वळण ठेवलेच कशाला? सरळ नळी टाकली की काम झाले! असे म्हणणारी मोठी माणसेही भेटतात, आणि काही जण खरोखरच वळण काढून सरळ नळी बसवतात. ही केवढी मोठी चूक आहे ते एका सोप्या प्रयोगाने पाहू.

गवंडी लोक भिंतीची पातळी पाहण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती तुम्ही पाहिली असेल. तसली हातभर नळी मिळवा. प्रथम ती रिकामीच धरा. एका तोंडाशी पेटलेली उदबत्ती धरा आणि दुसऱ्या तोंडाने हलकेच श्वास ओढल्यासारखे करा. धूर आत शिरलेला दिसताच तोंड बाजूला घ्या, धूर छातीत घेऊ नका. आता नळीला मध्ये झोळीसारखा बाक द्या आणि त्यात थोडे पाणी ओता. पुन्हा उदबत्ती धरा. धूर पाण्यापर्यंत येतो आणि तेथेच थबकतो. पण वरून एक चमचा पाणी ओतले, तर पलीकडच्या तोंडातून चमचाभर पाणी बाहेर पडते. पाण्याला वाट आहे, धुराला नाही!

बेसिनखालच्या वळणात नेमके हेच घडते. तुम्ही नळ बंद केला तरी वळणात थोडे पाणी शिल्लक राहते. साधारण दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर खोलीचे हे पाणी म्हणजे पाण्याचेच बूच होय. गटारातले वायू, झुरळे आणि सूक्ष्म जंतू या बुचामुळे घरात येऊ शकत नाहीत. दर वेळी हात धुतले की बुचातले जुने पाणी पुढे जाते आणि नवे येऊन बसते. ज्याला ना झडप लागते, ना स्प्रिंग, ना किल्ली, असे आपोआप बदलणारे बूच दुसरे कोणते सांगा पाहू!

ही युक्ती शौचकूपाच्या भांड्याला लावून तिचे पेटंट घेणारा माणूस प्लंबर नव्हता. तो लंडनमधला एक घड्याळजी होता. अलेक्झांडर कमिंग हे त्याचे नाव. १७७५ साली त्याने 'एस' अक्षरासारख्या वळणाच्या नळीचे पेटंट घेतले. रोग घाण वासानेच होतात अशी त्या काळची समजूत होती. ती चुकीची ठरली. रोग जंतूंमुळे होतात हे पुढच्या शतकात सिद्ध झाले. पण चुकीच्या समजुतीच्या काळात निघालेली ही युक्ती मात्र बरोबर होती.

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही महिनाभर गावी जाता. परत येऊन दार उघडले की न्हाणीघरातून कसला तरी कुबट वास येतो. असे का बरे? महिनाभर नळ उघडलेला नसतो, आणि उन्हाळ्यात बुचातले पाणी हळूहळू वाफ होऊन उडून जाते. बूचच नाहीसे झाले! उपाय अगदी सोपा आहे. बेसिनमध्ये आणि मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता. थोड्याच वेळात वास कमी होतो.

ही गोष्ट वासापुरतीच असती तर फार बिघडले नसते. पण २००३ सालच्या मार्च महिन्यात हाँगकाँगमध्ये काय झाले ते ऐका. 'अमॉय गार्डन्स' नावाच्या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स नावाच्या श्वसनरोगाची साथ अचानक फैलावली आणि ३०० हून अधिक रहिवाशांना त्याची लागण झाली. एकमेकांना न भेटलेली माणसेही आजारी पडत होती. तपास करणाऱ्यांचे लक्ष न्हाणीघरांकडे गेले. तेथले लोक जमीन पाण्याने न धुता ओल्या फडक्याने पुसत. त्यामुळे जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते. वर हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की न्हाणीघरातल्या हवेचा दाब कमी होई, आणि कोरड्या ट्रॅपमधून सांडपाण्याच्या नळातली हवा, रोगाचे विषाणू असलेल्या बारीक तुषारांसह, आत ओढली जाई. साथ पसरण्याचे हे एक महत्त्वाचे कारण असावे असा निष्कर्ष निघाला. दोन इंच पाण्याचे मोल किती, हे त्यावरून समजते.

म्हणून आपले पहिले सूत्र पक्के झाले: वळण साफ करायचे, पण काढून टाकायचे नाही.

आता अडकलेला कचरा असतो तरी काय? वळण उघडले तर आत एक काळपट, बुळबुळीत गोळा सापडतो. त्याचा सांगाडा असतो केसांचा. माणसाच्या डोक्यावरून रोज ५० ते १०० केस गळतात, आणि केस विंचरायला आपल्याला आरसा लागतो, जो नेमका बेसिनवरच टांगलेला असतो! केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात आणि ते सहजासहजी कुजत नाहीत. इजिप्तमधल्या हजारो वर्षांपूर्वीच्या ममींच्या डोक्यांवर आजही केस सापडतात, मग तुमच्या नळीत ते महिन्याभरात कुजतील ही आशा कशाला?

पण नुसते केस पाणी अडवीत नाहीत. त्यांना लिंपून टाकणारे काही तरी हवे. ते काम करतो साबण. साबणाने घाण निघते, मग साबणच घाण कशी होईल? पुन्हा एक प्रयोग करा. पानाला लावायचा चुना चिमूटभर घेऊन पेलाभर पाण्यात ढवळा आणि तासभर स्थिर ठेवा. (चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका.) वरची नितळ निवळी एका बाटलीत अलगद ओतून घ्या. दुसऱ्या बाटलीत पावसाचे किंवा फ्रिजमध्ये जमलेल्या बर्फाचे पाणी घ्या. अंगाच्या साबणाचा कीस पाण्यात विरघळवून त्याचे थोडे थोडे थेंब दोन्ही बाटल्यांत टाका आणि खळखळून हलवा. पावसाच्या पाण्यात भरपूर फेस येईल. निवळीत फेस जवळजवळ येणारच नाही. उलट पांढरट कण तरंगू लागतील. बाटलीच्या काचेवर बोट फिरवा. काय लागते? तोच तो ओळखीचा चिकट थर!

साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम क्षार. तो पाण्यात विरघळतो. पण पाण्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असेल, तर ते सोडियमची जागा घेतात आणि तयार होणारा नवा क्षार पाण्यात विरघळत नाही. अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हणतात, बोलीभाषेत जड पाणी. विहिरींचे आणि विंधनविहिरींचे पाणी जमिनीतल्या खडकांतून मुरत येते, म्हणून ते बहुधा जड असते. तलावात साठवलेले पावसाचे पाणी त्या मानाने सुफेन असते. तुमच्या घरी विंधनविहिरीचे पाणी असेल, तर बादलीच्या आतल्या बाजूला साबणाचा खरखरीत थर बसलेला तुम्ही पाहिलाच असेल. तसाच थर नळीच्या आतही बसतो. त्यात केस अडकतात, केसांत टूथपेस्टची बारीक पूड अडकते, डोक्याच्या तेलाचा ओशटपणा येतो. नळीची वाट अर्धी रुंद राहिली, की पाणी जाण्याची जागा एकचतुर्थांशच उरते, आणि प्रवाह तर त्याहूनही मंदावतो. मंद पाण्यात कचरा आणखी बसतो. म्हणून बेसिन अनेक दिवस हळूहळू तुंबत असते आणि आपल्याला मात्र ते एका सकाळीच कळते!

आता उपाय. सर्वांत आधी घरातल्या बाकीच्या मोऱ्या पाहा. स्वयंपाकघराची मोरी, न्हाणीघराची जाळी, सगळीकडेच पाणी चढत असेल, तर दोष बेसिनच्या वळणात नाही. तो पुढे, मुख्य नळात किंवा बाहेरच्या चेंबरमध्ये आहे. ते काम तुमचे नव्हे, आणि चेंबरचे झाकण उघडून डोकावायचेही नाही. तेथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठलेला असू शकतो. थोडा असेल तर सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. फार असेल तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि माणसाला वाटते की वायू गेला! गटारात उतरलेले कितीतरी सफाई कामगार अशा वायूंनी प्राणाला मुकले आहेत. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवून सफाई करून घेण्यास आपल्या देशात २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. शंभरदोनशे रुपये देऊन कोणाला आत उतरवण्याची गोष्ट घरात निघाली, तर हे तुम्ही बेधडक सांगा. हे काम यंत्राने करायचे असते.

फक्त बेसिनच तुंबले असेल, तर घरातली मोठी माणसे पहिल्यांदा कपाटातल्या बाटल्यांकडे वळतात. येथे जरा थांबा. नळ मोकळा करण्याच्या पुड्यांत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो केसांचे प्रथिन विरघळवतो आणि तेलाचा साबण बनवतो, हे खरे. पण तो पाण्यात पडताच पाणी उकळण्याइतके तापू शकते आणि उसळते. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याची भीती असते. आपली कातडीसुद्धा प्रथिनांचीच बनलेली आहे, केस आणि बोट यांतला फरक कॉस्टिक सोड्याला कळत नाही! एवढे करूनही नळ मोकळा झाला नाही, तर वळणात आता दाहक पाणी भरलेले असते. पुढे ते वळण उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर ते पडते. अशा वेळी प्लंबरला आधीच सांगितले पाहिजे.

दुसरा उद्योग याहून भयंकर आहे. एका बाटलीने काम झाले नाही म्हणून दुसरी ओततात. फरशी साफ करण्याच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते ब्लीचिंग पावडरीवर किंवा कपडे पांढरे करण्याच्या द्रवावर पडले, की क्लोरीन वायू निघतो. १९१५ सालच्या एप्रिल महिन्यात, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ शत्रूवर सोडलेला विषारी वायू तो हाच. खिडकी लावलेल्या छोट्या न्हाणीघरात तो तयार करणे म्हणजे काय, याची कल्पना करा. कोणत्याही दोन बाटल्या कधीही एकत्र ओतू नका.

आणि खाण्याचा सोडा व लिंबू? त्यात धोका नाही, पण फायदाही फारसा नाही. सोडा अल्कलीसारखा वागतो, लिंबाचा रस आम्ल. दोघे एकमेकांना निकामी करतात आणि मागे राहते खारट पाणी. कार्बन डाय-ऑक्साइडचा फेस उसळतो खरा, पण वर मोकळी वाट असताना वायू खाली कचरा ढकलायला कशाला जाईल? गंमत म्हणून पाहायला छान. तेवढेच.

खरे काम करतात दोन गोष्टी: तार आणि दाब. बेसिनच्या भोकावरची जाळी निघत असेल तर काढा आणि जाड तारेचे टोक आकड्यासारखे वाकवून आत घाला. तार ढोसू नका, फिरवून वर ओढा. पुष्कळदा केसांची एक लांब वेणीच वर येते. (किळस येईल. हातमोजे घाला आणि नाक मुरडून पुढे चला.)

तरीही पाणी उतरत नसेल तर रबरी पंप घ्या. लाकडी दांड्याच्या टोकाला रबरी वाटी असलेले हे साधन हार्डवेअरच्या दुकानात मिळते, त्याला प्लंजरही म्हणतात. आता थोडे गणित करू. समजा, बेसिनमधले पाणी कचऱ्यापासून ३० सेंटिमीटर उंच उभे आहे. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन एक ग्रॅम, म्हणून कचऱ्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ३० ग्रॅम भार पडतो. नळीचा आतला व्यास ३.२ सेंटिमीटर धरला तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस सेंटिमीटर, आणि एकूण भार झाला २४० ग्रॅम. भरलेल्या पेल्याएवढा! एवढ्याने कचरा हलत नाही, हे आपण पाहतोच आहोत. आता १२ सेंटिमीटर व्यासाची रबरी वाटी भोकावर दाबून बसवा आणि १० किलोग्रॅम भाराने दाबा. वाटीचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दाब दर चौरस सेंटिमीटरला ८८ ग्रॅम. फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात सांगितले, की बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. म्हणून कचऱ्यावर आणखी ८ गुणिले ८८, म्हणजे ७०० ग्रॅमच्या वर भार पडतो. पाण्याच्या स्वतःच्या भाराच्या जवळजवळ तिप्पट!

गणितात एक गंमत लपलेली आहे. तेवढ्याच जोराने दाबायचे असेल, तर मोठ्या वाटीने दाब जास्त मिळेल की लहान वाटीने? स्वतः काढून पाहा.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. वाटी पाण्यात बुडेल इतके पाणी बेसिनमध्ये असू द्या. वाटीखाली हवा राहिली तर तुमचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. दुसरे म्हणजे, बेसिनच्या वरच्या कडेजवळ आतल्या अंगाला एक छोटे भोक असते, पाणी काठावरून सांडू नये म्हणून. ते ओल्या फडक्याने घट्ट बंद करा. नाही तर सारा दाब तेथून निसटतो, आणि भिंतीवर पाण्याची पिचकारी उडते ती वेगळीच. मग दांडा वरखाली, वरखाली, दहापंधरा वेळा हलवा. वर ओढताना वाटीखालचा दाब कमी होतो आणि नळीच्या पलीकडची हवा कचऱ्याला आपल्याकडे ढकलते. पुढे-मागे, पुढे-मागे असे झाले की गोळा सैल होतो. 'गुडगुड' आवाज करीत पाणी एकदम उतरले, की समजा, काम झाले. बेसिनमध्ये कोणी कॉस्टिक किंवा ॲसिड ओतले असेल, तर मात्र पंप मारायचा नाही. ते उडून तोंडावर येईल.

एवढ्यानेही भागले नाही तर वळणच उघडायचे. हे घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन करा. बेसिनमधले पाणी मगाने उपसा आणि ट्रॅपखाली बादली ठेवा. बॉटल ट्रॅपचा खालचा पेला आट्यांवर बसवलेला असतो. तो खालून वर पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. वरून वाकून पाहाल तर दिशा उलटी वाटते, आणि सैल करायच्या ऐवजी पेला आणखी घट्ट आवळला जातो! पेला निघाला की आत लोंबणारी आतली नळी दिसेल. तिचे तोंड पाण्यात बुडलेले राहते म्हणून बूच तयार होते. जुन्या टूथब्रशाने दोन्ही स्वच्छ घासा. हरवलेली कानातली रिंग, पेनाचे टोपण, शर्टाचे बटण अशा वस्तू येथे पुष्कळदा सापडतात.

मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा पेला झकास घासला आणि बादलीतले घाण पाणी मोठ्या दिमाखात ओतले ते त्याच बेसिनमध्ये. खाली ट्रॅप नव्हताच! सगळे पाणी माझ्या पायांवर आले. तुम्ही बादली मोरीत रिकामी करा.

पेला परत बसवताना त्यातला रबरी वायसर जागेवर आहे ना, त्याला चीर तर नाही ना, ते पाहा. आटे सरळ बसू द्या आणि हातानेच आवळा. पान्याने आवळले तर प्लॅस्टिकला तडा जातो. मग खाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरा, बेसिन काठोकाठ भरा आणि पाणी एकदम सोडून द्या. दहा मिनिटांनी कागद पाहा. त्यावर एकही ओला ठिपका नसेल, तर बादली उचलून ठेवायला हरकत नाही.